नंगा पर्वताची बखर

8 जुलै 1934. नंगा पर्वताच्या राखिओट बाजूला हिमवादळ घोंघावत होतं आणि कॅम्प चारमध्ये फ्रित्स बेख्टोल्ड आणि त्याचे सोबती वरच्या माणसांची वाट बघत बसले होते. संध्याकाळी दोघं उतरून आले. पेटर आशेनब्रेनर आणि एर्विन श्नायडर. दोघांचीही गात्रं गळून गेली होती, पण हातपाय शाबूत होते. बाकीचे मागोमाग येताहेत, असं त्यांनी सांगितलं.

त्या रात्री कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. 10 तारखेला चार शेर्पा धडपडत कॅम्पात पोचले. बोटं गोठलेली, चार दिवसांचा उपास. मग पुन्हा कोणीच नाही. 14 तारखेला संध्याकाळी एकटा माणूस आला, आंग त्सेरिंग. त्याच्यानंतर त्या धारेवरून जिवंत कोणी उतरलं नाही. वर गेलेल्या सोळांपैकी नऊजण तिथेच राहिले.

गिर्यारोहणातल्या दुर्घटनांवर पुस्तकं आणि चित्रपट मुबलक आहेत. आपल्याकडे सह्याद्रीत भटकणाऱ्या पोरांनाही 1996 सालच्या एव्हरेस्टची गोष्ट तोंडपाठ असते, कारण जॉन क्राकाउअरचं पुस्तक हातोहात फिरलेलं असतं. नंगा पर्वताची 1934 ची गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. खरं तर अशा गोष्टी कशा तयार होतात, कोण सांगतं, कोणाला सांगू दिलं जात नाही, हे समजून घ्यायचं तर इतका बोलका दुसरा डोंगर नाही. तिथे शिखरासाठी जेवढी झुंज झाली, तेवढीच शिखराची हकिकत कोणाच्या मालकीची यावरून झाली. आणि ती झुंज सत्तर वर्षं चालली.

नंगा पर्वत 8,125 मीटर उंच. जगात नववा. तेव्हा तो काश्मीर संस्थानाच्या गिलगिट भागात होता, आज पाकिस्तानच्या ताब्यातल्या गिलगिट-बाल्टिस्तानात आहे. एव्हरेस्टची वाट तिबेटमधून जायची आणि तिची किल्ली इंग्रजांच्या खिशात होती. जर्मनांना दुसरा डोंगर हवा होता. म्युनिकचा विली मेर्कल हा रेल्वेतला नोकरदार 1932 साली जर्मन आणि अमेरिकन मंडळींना घेऊन तिथे एकदा जाऊन आला होता. तेव्हा अनुभवी शेर्पा सोबत नव्हते आणि हमालांअभावी मोहीम अडली. 1934 साली तो पुन्हा निघाला तेव्हा जर्मनीत हिटलरचं राज्य येऊन वर्ष उलटलं होतं. पैसा रेल्वे कर्मचाऱ्यांच्या क्रीडा संघटनांनी उभा केला, सरकारचा क्रीडाप्रमुख पाठीशी होता, आणि शिखर जिंकणं ही आता मेर्कलची हौस उरली नव्हती, राष्ट्राची अपेक्षा झाली होती. या वेळी दार्जिलिंगहून पस्तीस अनुभवी हमालही आणले.

सुरुवातच अपशकुनी झाली. 8 जूनला आल्फ्रेड ड्रेक्सेल हा गडी कॅम्प दोनमध्ये वारला. न्यूमोनिया, असं निदान झालं. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं आणि माणूस स्वतःच्याच छातीत बुडून मरतो, हे वैद्यकशास्त्राला नीट कळायला अजून पाव शतक होतं. स्वस्तिकाच्या झेंड्यात गुंडाळून त्याला बेस कॅम्पजवळ पुरलं आणि त्याचंही चित्रीकरण झालं. मग शेर्पांसाठी लागणारं त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, वेळेवर पोचलं नाही. आकाश निरभ्र असताना दोन आठवड्यांहून अधिक काळ मोहीम खाली बसून राहिली. जर्मनीतला त्या काळचा सर्वात निष्णात बर्फचढवय्या विलो वेल्त्सेनबाख याच मोहिमेत होता. घरी लिहिलेल्या पत्रांत त्याने तक्रार केली की मेर्कल हुकूमशहासारखा वागतो, कोणाची टीका ऐकून घेत नाही. म्युनिकमध्ये कुटुंबाने जपलेली ही पत्रं लोकांसमोर आली फार पुढे, 1980 साली निघालेल्या वेल्त्सेनबाखच्या चरित्रातून. तोवर मेर्कल निष्कलंक हुतात्मा झालेला होता.

6 जुलैला पाच साहेब आणि अकरा शेर्पा सिल्व्हर सॅडल ओलांडून साडेसात हजार मीटरच्या आसपास पोचले आणि तिथे कॅम्प आठ लागला. आशेनब्रेनर आणि श्नायडर दोघं बरंच पुढपर्यंत जाऊन आले. शिखर काही तासांवर आहे, उद्या होऊन जाईल, असा सगळ्यांचा हिशोब होता. रात्री वादळ आलं. सात तारीख तंबूतच गेली. आठ तारखेला सकाळी मेर्कलने उतरायचं ठरवलं.

इथे त्या डोंगराची रचना समजून घ्यायला हवी, कारण माणसं वाऱ्याने जेवढी मेली तेवढीच वाटेच्या लांबीने. राखिओट बाजूची वाट सरळ खाली येत नाही. सिल्व्हर सॅडलवरून उतरलं की एक लांबलचक धार लागते. ती राखिओट शिखराच्या दिशेने जाते आणि मध्ये मोरेनकोफ नावाचा काळा खडक डोकं वर काढतो. परतीच्या वाटेवरही चढ चढावा लागतो. दमलेल्या माणसाला उतारावर घसरत का होईना खाली येता येतं. चढ मात्र त्याला जागच्या जागी थांबवतो. त्यात मोहिमेचे कर्ते पुरुष सगळे वर होते. मधल्या कॅम्पांत तंबू होते, पण ते बर्फात गाडले जात होते, आणि तिथे चहा करून द्यायला, अन्न वर आणायला माणसं नव्हती. खालून कॅम्प चारमधून बेख्टोल्ड, डॉक्टर बर्नार्ड आणि म्युलरिटर वर यायची खटपट करत राहिले, पण कमरेइतक्या बर्फात ते कधीच फार पुढे जाऊ शकले नाहीत. सोळा माणसांची ही माळ एकाच धाग्यात ओवलेली होती. धागा तुटला.

आशेनब्रेनर आणि श्नायडर पुढे निघाले, सोबत पासांग, नीमा दोर्जे आणि पिंझो नोर्बू हे तीन शेर्पा. वाऱ्याने नीमा दोर्जेला पावठ्यातून उपटलं, दोराने कसाबसा सावरला, पण स्लीपिंग बॅग उडून गेली. थोडं खाली आल्यावर दोघा साहेबांनी शेर्पांचा दोर सोडला आणि मागून लगेच या असं सांगून पुढची वाट तुडवायला गेले. त्याच संध्याकाळी ते कॅम्प चारमध्ये होते. तिघे शेर्पा धुक्यात आणि वाऱ्यात मागे राहिले, ते उघड्यावरच.

मागच्या गटात मेर्कल, वेल्त्सेनबाख, उली वीलांड आणि आठ शेर्पा. त्यांना कॅम्प सातही गाठता आला नाही. रात्र बर्फावर काढली आणि त्या रात्री नीमा नोर्बू गेला. नऊ तारखेला वीलांड कॅम्प सातच्या तंबूपासून हाकेच्या अंतरावर बसला तो पुन्हा उठला नाही. तंबूत जागा दोघातिघांची, म्हणून मेर्कलने तिथवर आलेल्या चार शेर्पांना पुढे जायला सांगितलं. पासांग किकुली, कितार, दा थुंडू आणि नीमा ताशी. ते बर्फात खड्डा करून रात्रभर पडले आणि सकाळी त्यांना आधीचे तिघे भेटले. सातजण मिळून निघाले. राखिओट शिखराच्या दोरांवर नीमा दोर्जे आणि नीमा ताशी मेले. पिंझो नोर्बू कॅम्प पाचच्या तंबूपासून काही पावलांवर पडला. उरलेले चौघे कॅम्प चारला पोचले, ते मघा सांगितलंच.

वर, पहिल्या रात्रीच्या त्या उघड्या जागी, गायले, दाक्शी आणि आंग त्सेरिंग अजून पडलेले होते. दाक्शी तिथेच वारला. मग दोघे उतरून कॅम्प सातला आले तेव्हा मेर्कल आणि वेल्त्सेनबाख तिथे जिवंत होते, खायला मात्र काही नव्हतं. 12 आणि 13 च्या मधल्या रात्री वेल्त्सेनबाख गेला. 13 तारखेला तिघे निघाले. मेर्कल दोन बर्फकुऱ्हाडी टेकत चालत होता. मोरेनकोफच्या आधीचा चढ त्याला चढवेना. बर्फात गुहा कोरली, रात्र काढली. 14 ला आंग त्सेरिंग मदत आणायला एकटा निघाला. मेर्कलजवळ गायले थांबला. नंतरचे एक-दोन दिवस कॅम्प चारमधल्या लोकांना वारा पडला की धारेवरून हाका ऐकू येत. मग त्याही थांबल्या.

इथवरची हकिकत आपल्याला कळते ती मुख्यतः बेख्टोल्डच्या पुस्तकातून. ते 1935 सालीच निघालं आणि त्याच वर्षी इंग्रजीतही आलं. मूळ जर्मन उपशीर्षकात मोहिमेला हल्ला म्हटलं होतं, आणि पुस्तकाची सगळी भाषा तशीच, रणांगणाची. पुढच्या वर्षी मोहिमेतल्याच चित्रीकरणातून फ्रांक लेबेरेश्टने चित्रपट केला. त्याच्याही नावात लढाई होतीच. जर्मन प्रेक्षकाला हा बाज नवा नव्हता. आर्नोल्ड फांकच्या बर्फाच्या चित्रपटांनी त्याचे डोळे तयार केले होते. 1929 च्या पित्स पालूवरच्या चित्रपटात लेनी रीफेनश्टाल गोठत होती आणि थिएटरं भरत होती. योगायोग असा की 1934 च्या त्याच उन्हाळ्यात, नंगा पर्वतापासून फार लांब नाही अशा काराकोरममध्ये, द्यूरेनफुर्टची आंतरराष्ट्रीय मोहीम खऱ्या डोंगरावर एक काल्पनिक शोकांतिका चित्रित करत होती. तो चित्रपट, हिमालयाच्या राक्षसावरचा, 1935 साली लागला. पडद्यावर नायक मरण्याची कथा लिहून आणावी लागली होती. शेजारच्या डोंगराने ती न मागता दिली.

बेख्टोल्ड खोटं लिहितो असं मी म्हणणार नाही. तो तिथे होता, मित्रांच्या हाका त्याने ऐकल्या होत्या, आणि शेर्पांची नावं तो आवर्जून देतो. त्या काळच्या कित्येक पुस्तकांत तीही मिळत नाहीत. पण बखरकार जसा धन्याच्या दरबारात बसून लिहितो तसं हे लिखाण आहे. पानिपतच्या बखरींत सरदार कसे पडले ते सविस्तर येतं. बुणगे किती आणि कसे गेले ते एका वाक्यात उरकतं. नंगा पर्वताच्या बखरीत साहेबांना स्वभाव आहेत, आवडीनिवडी आहेत, घरची माणसं आहेत. शेर्पांना एकच गुण आहे, निष्ठा. गायले तिथे स्वामिभक्तीची मूर्ती होतो, धन्याला सोडायचं नाही म्हणून मरण पत्करणारा. जर्मनीत ही प्रतिमा लगेच उचलली गेली, कारण मरेपर्यंत निष्ठा हे त्या राजवटीचं लाडकं मूल्य होतं.

गायलेने खरोखर निष्ठेने जीव दिला असेल. मैत्रीने दिला असेल. किंवा त्याच्या पायात एवढंच बळ उरलं असेल की थांबणं आणि निघणं यांत फरक नव्हता. तो सहा दिवस उपाशी होता आणि वयाने आंग त्सेरिंगपेक्षा थोराड होता. त्याच्या मनात काय होतं ते लिहायला त्याच्याकडे कागद नव्हता, आणि असता तरी तो कोणी छापला नसता.

कागद वेल्त्सेनबाखकडे होता. 1938 साली पाउल बाउअरची मोहीम त्या धारेवर पोचली तेव्हा मोरेनकोफपाशी मेर्कल आणि गायले यांचे देह सापडले. म्हणजे आंग त्सेरिंग निघाल्यावर ते दोघं त्या गुहेत पडून राहिले नव्हते. जो चढ मेर्कलला जमला नव्हता तो त्यांनी चढला होता. देहांजवळ एक चिठ्ठी मिळाली, 10 जुलैची, वेल्त्सेनबाखच्या हातची. सहा आणि चार यांमधल्या कॅम्पांतल्या साहेबांना, विशेषतः डॉक्टर साहेबांना, असा वर पत्ता. आम्ही दोघेही आजारी आहोत, वीलांड गेला, सहा दिवसांत गरम काही पोटात नाही, लवकर मदत पाठवा, असा आत मजकूर. चिठ्ठी लिहून झाली होती. ती खाली नेणारे हात आदल्याच दिवशी पुढे पाठवून दिले होते.

1938 च्या आधीचं वर्ष वगळून पुढे जाता येत नाही. 1937 साली कार्ल वीनच्या नेतृत्वाखाली जर्मन पुन्हा आले. 14 आणि 15 जूनच्या मधल्या रात्री कॅम्प चारवर हिमलोट कोसळला आणि सात जर्मन आणि नऊ शेर्पा झोपेतच गाडले गेले. 1934 मध्ये वाचलेला म्युलरिटर त्यांत होता. खालून वर आलेल्या उलरिश लुफ्टला कॅम्पच्या जागी सपाट बर्फ दिसला. बाउअर जर्मनीहून विमानाने धावत आला, खणून काही देह काढले. मनगटावरची घड्याळं बारानंतर लगेच थांबलेली होती. डायऱ्याही मिळाल्या, शेवटच्या संध्याकाळपर्यंत लिहिलेल्या, आणि त्या छापल्या गेल्या. शेर्पांचा सरदार नुरसांग याने मात्र आपल्या माणसांना उकरू नका अशी विनंती केली. त्यांना जिथे होते तिथेच ठेवलं.

आणि तरी 1938 ला बाउअर आलाच, या वेळी सामान टाकायला तीन इंजिनांचं युंकर्स विमान घेऊन. शिखर याही वेळी मिळालं नाही.

1939 च्या उन्हाळ्यात चौघांची एक छोटी टोळी पलीकडच्या दियामिर बाजूची टेहळणी करायला आली. पेटर आउफश्नायटर म्होरक्या, आणि सोबत आयगरचा उत्तर कडा पहिल्यांदा चढणाऱ्यांपैकी एक, हाइनरिक हारर. टेहळणी करून ते कराचीला बोटीची वाट बघत बसले आणि महायुद्ध पेटलं. इराणच्या दिशेने पळायचा प्रयत्न फसला. इंग्रजांनी त्यांना आणून ठेवलं ते आपल्या अहमदनगरच्या छावणीत. नगरहून पोर्तुगीज गोवा काही फार लांब नाही, असा विचार त्यांच्या मनात घोळत होता. तटस्थ देशाची हद्द गाठली की सुटलो. तो बेत तडीस गेला असता तर हारर कदाचित मांडवीकाठी मासे खात युद्ध संपायची वाट बघत बसला असता आणि जगातल्या सर्वात जास्त खपलेल्या प्रवासवर्णनांपैकी एक लिहिलंच गेलं नसतं. पण त्यांना डेहराडूनला हलवलं. तिथून 1944 साली ते पळाले ते तिबेटात. तिबेटातल्या सात वर्षांवरचं त्याचं पुस्तक 1952 चं, आणि त्यावरचा ब्रॅड पिटचा चित्रपट 1997 चा. चित्रपट लागण्याच्या सुमारास हारर 1938 पासून नाझींच्या एसएसचा सदस्य होता हे उघड झालं. पुस्तकात त्याचा उल्लेख नव्हता. डोंगरावरची पुस्तकं काय वगळतात यावर कोणी प्रबंध लिहिलाच, तर हे उदाहरण त्यात हवं.

युद्धानंतर गोष्ट पुन्हा मेर्कलच्या घरात आली. कार्ल हेरलिगकोफर हा म्युनिकचा डॉक्टर मेर्कलचा सावत्र भाऊ. त्याला स्वतःला चढाईचा मोठा अनुभव नव्हता. भावाचं अपुरं राहिलेलं काम पुरं करायचं, ही जिद्द होती. 1953 च्या त्याच्या मोहिमेत चढाईची सूत्रं कोणाकडे होती, तर पेटर आशेनब्रेनरकडे. 1934 च्या त्या संध्याकाळी कॅम्प चारला पोचलेल्या दोघांपैकी एक. शेर्पा या वेळी नव्हते, हुंझाचे हमाल होते. खालून परत फिरण्याचे आदेश येत असताना वरच्या चौघांनी ते धुडकावले आणि 3 जुलैला हेर्मान बूल एकटा, प्राणवायूशिवाय, संध्याकाळी सातच्या सुमारास शिखरावर पोचला. उतरताना अंधार पडला. आठ हजार मीटरच्या आसपास, तंबू नाही, झोपायची पिशवी नाही, एका अरुंद जागेवर त्याने उभ्याने रात्र काढली. परत आल्यावर हान्स एर्टलने काढलेला त्याचा फोटो प्रसिद्ध आहे: अठ्ठावीस वर्षांच्या पोराचा चेहरा, आणि वय सत्तरीचं. एर्टल हा रीफेनश्टालच्या ऑलिंपिकवरच्या चित्रपटाचा एक कॅमेरामन. मोहिमेचा चित्रपटही त्यानेच केला.

यानंतर जे झालं ते कोर्टात. मोहिमेला येण्याआधी प्रत्येकाकडून करार लिहून घेतला होता: हकिकत सांगायचा अधिकार मोहिमेचा, म्हणजे हेरलिगकोफरचा. शिखरावर बूल पोचला, शिखराची गोष्ट मात्र कागदोपत्री बेस कॅम्पात बसलेल्या माणसाची होती. बूलने 1954 साली आपलं पुस्तक काढलं आणि दोघांत खटलेबाजी झाली. अशा करारांचं समर्थन एकच असतं, मोहिमेचा खर्च पुस्तकातून आणि चित्रपटातून भरून काढायचा असतो. ते खरंही आहे. फ्रेंचांनी 1950 साली अन्नपूर्णेला हेच केलं. मोरिस एर्झोग सोडून इतरांना पाच वर्षं काही छापता येत नव्हतं, आणि लुई लाशनालची न कापलेली टिपणं लोकांनी वाचली ती 1996 साली. पण या व्यवस्थेतून जी बखर तयार होते तिच्यात नेता चुकत नाही.

हेच 1970 मध्ये पुन्हा घडलं. हेरलिगकोफरचीच मोहीम, रुपाल बाजूचा अवाढव्य कडा, राइनहोल्ट आणि गुंथर हे मेसनर बंधू. हवामानाची खूण म्हणून उडवायच्या रॉकेटांत घोटाळा झाला: हवा चांगली असताना वाईट हवेचं लाल रॉकेट वर गेलं. राइनहोल्ट एकटाच निघाला, मागून गुंथर येऊन मिळाला, दोघं शिखरावर पोचले, दियामिर बाजूने उतरताना गुंथर गेला. राइनहोल्टने पुस्तक लिहिलं, हेरलिगकोफर पुन्हा कोर्टात गेला. 2003 साली मोहिमेतल्याच दोघांनी राइनहोल्टवर भावाला वाऱ्यावर सोडल्याचा आरोप करणारी पुस्तकं काढली. 2005 साली दियामिर बाजूच्या हिमनदीत गुंथरचे अवशेष मिळाले, मोठा भाऊ पस्तीस वर्षं जी बाजू सांगत होता त्याच बाजूला. 2010 साली योझेफ फिल्समायरने त्यावर चित्रपट केला. तो मेसनरच्या सल्ल्याने झालेला, आणि ते पाहताना कळतं. प्रत्येक बाजूला आपापला वकील होता, आपापला प्रकाशक होता.

ज्या बाजूला यातलं काहीच नव्हतं तिच्याकडे आता वळू. 1934 मध्ये वाचलेल्या पाच शेर्पांचं पुढे काय झालं? कितार दोन वर्षांनी नंदादेवीच्या मोहिमेत आजाराने वारला. दा थुंडू टिकला, 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होता. पासांग किकुलीची गत मात्र थक्क करणारी आहे. 1939 साली तो के-टूवर अमेरिकन मोहिमेचा सरदार होता. डडली वुल्फ हा श्रीमंत सदस्य वरच्या कॅम्पात एकटाच अडकला. सगळे साहेब थकून बेस कॅम्पात. किकुली एका सोबत्याला घेऊन बेस कॅम्पपासून कॅम्प सहापर्यंत एका दिवसात चढला, दोन हजार मीटरहून जास्त. दुसऱ्या दिवशी वुल्फपर्यंत पोचले, पण तो उठायला तयार होईना. 31 जुलैला किकुली, पासांग कितार आणि फिन्सू पुन्हा वर गेले. तिघांपैकी कोणी परतलं नाही. पाच वर्षांपूर्वी त्या धारेवर मागे पडलेल्यांचं काय होतं ते किकुलीने स्वतः पाहिलेलं होतं. त्याच्या त्या चढाईमागे ही आठवण होती का, हे विचारायला कोणी उरलं नाही, पण मला ती असावी असं वाटतं.

आंग त्सेरिंगच्या पायाची बोटं गेली. जर्मन रेड क्रॉसचं पदक मिळालं. तो 1924 मध्ये मॅलरीबरोबर एव्हरेस्टला गेलेला माणूस. त्या मोहिमेतला शेवटचा जिवंत माणूसही तोच ठरला. दार्जिलिंगमध्ये नव्वदी ओलांडून जगला आणि 2002 साली वारला. त्याच्याकडे जाऊन बसावं, 1934 साली काय झालं ते त्याच्या तोंडून ऐकावं, असं जोनाथन नील या लेखकाला वाटलं तेव्हा घटनेला साठ वर्षं उलटून गेली होती. नीलचं पुस्तक 2002 सालचं.

त्यात डोंगर तोच आहे, तारखा त्याच आहेत, पण बघण्याची जागा बदललेली आहे. 8 जुलैला तिघा शेर्पांचा दोर सोडला गेला, ही गोष्ट बेख्टोल्डच्या पुस्तकात एक कृती म्हणून येते आणि पुढे सरकते. शेर्पांच्या आठवणीत ती सगळ्या गोष्टीचा कणा आहे. साहेब स्की लावून निघून गेले, असं त्यांच्यात सांगितलं जात होतं. स्की त्या ठिकाणी होत्या की नव्हत्या यावर जर्मन आणि ऑस्ट्रियन मंडळींनी बरंच डोकं खपवलं. या दोघांच्या वागण्यावरून त्यांच्या वर्तुळात तेव्हाही कडवट भांडण झालं होतं. मला स्कीचा मुद्दा गौण वाटतो. स्की असोत नसोत, दोर सोडला होता, आणि वाट माहीत असलेले दोघे त्याच रात्री तंबूत होते तर तिघे उघड्यावर. आशेनब्रेनर आणि श्नायडर दुष्ट होते असं म्हणून मोकळं होणंही सोपं आहे. साडेसात हजार मीटरवर, त्या वाऱ्यात, मागे वळून थांबलेल्यांपैकी किती वाचले हे वर आलंच आहे. पण मग थांबलेल्या गायलेला निष्ठेचा पुतळा आणि निघालेल्या साहेबांना वाट तुडवणारे वीर, अशी दुहेरी मापं लावता येत नाहीत.

नीलच्या पुस्तकाचं मोल मला आणखी एका गोष्टीत वाटतं. तिथे शेर्पा कामगार आहेत. त्यांना मजुरी आहे, घरी वाट बघणारी बायको आहे, वरच्या कॅम्पला जायचं की नाही यावर आपसांत मतभेद आहेत, आणि साहेबाच्या चुकीचा रागही आहे. ड्रेक्सेलच्या मृत्यूनंतर पिठासाठी झालेला उशीर जर्मन पुस्तकांत पुरवठ्यातली अडचण म्हणून येतो. उपाशी पोटी वर चढायला नकार देण्याचा त्यांचा हक्क म्हणून तो वाचायची सवय आपल्याला कोणी लावलेली नव्हती.

चित्रपटात हा बदल यायला आणखी तेरा वर्षं गेली. ऑस्ट्रेलियाची जेनिफर पीडम 2014 साली एव्हरेस्टच्या बेस कॅम्पात शेर्पांच्या नजरेतून एका मोसमाचं चित्रण करायला गेली होती. फुर्बा ताशी हा तिचा मुख्य माणूस. एकवीस वेळा शिखरावर जाऊन आलेला. 18 एप्रिलला पहाटे खुंबूच्या हिमप्रपातावर बर्फाचा कडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार गेले. 1937 ला कॅम्प चारमध्ये गेले तेवढेच, फरक इतकाच की या वेळी सोळाही एकाच बाजूचे होते. कॅमेरा चालू राहिला. शेर्पांनी सभा घेतल्या, यंदा चढायचं नाही असं ठरवलं, आणि पैसे भरून आलेल्या गिऱ्हाइकांना ते पचेना. 2015 साली निघालेल्या त्या चित्रपटात एक प्रसंग आहे. तंबूत मोहिमेचा प्रमुख गिऱ्हाइकांना परिस्थिती समजावून सांगतो आहे. एक जण वैतागून विचारतो, या लोकांच्या मालकांशी बोलून काही करता येणार नाही का?